जपानी वैमानिक हिरोयोशी निशिझावा

दुसऱ्या महायुद्धात जपानच्या आरमाराकडून जे वैमानिक लढले त्यांमध्ये हिरोयोशी निशिझावा ह्याचे नाव अग्रभागी घेतले जाते. तो हयात असता बाहेरच्या जगास त्याची फारशी माहिती नव्हती. युद्ध संपल्यावर त्याच्या सोबत्यांनी जे लिहिले व सांगितले त्यावरून लोकांस त्याची ओळख झाली, आणि मग ज्या राष्ट्रांविरुद्ध तो लढला त्या राष्ट्रांतील लेखकांनीही त्याच्या कौशल्याची वाखाणणी केली. लढायांच्या गोष्टी सांगून आमच्या गावोगावच्या मंडळ्यांतील वाचकांची करमणूक करावी असा आमचा हेतू नाही. परंतु एका डोंगरी खेड्यातील मुलाच्या अंगी जी मोठी देणगी होती ती कोणाच्या हाती पडली, तिचा उपयोग कसा झाला, आणि ज्यांनी तिचा उपयोग करून घेतला त्यांनी त्या मुलाच्या जिवाची किंमत किती धरली, हे समजून घेण्याजोगे आहे. म्हणून त्याचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

जन्म व बाळपण

निशिझावा ह्याचा जन्म २७ जानेवारी १९२० रोजी जपानातील नागानो प्रांतातल्या एका खेड्यात झाला. हा प्रांत देशाच्या मध्यभागी असून त्याला समुद्रकिनारा मुळीच नाही. चोहोंकडे उंच डोंगर आहेत. त्याचा बाप तांदळापासून साके नावाचे मद्य तयार करण्याच्या एका कारखान्यावर व्यवस्थापक होता. हिरोयोशी हा त्याचा पाचवा मुलगा. जपानात त्या काळी घर व जमीन वडील मुलाकडे जाण्याची चाल होती. धाकट्या मुलांनी आपली भाकर बाहेर शोधावी अशीच रीत असे. तशात नागानो प्रांताची सारी भिस्त रेशमावर होती. शेतकरी तुतीची लागवड करून घरोघर रेशमाचे किडे पाळीत, आणि ते रेशीम मुख्यत्वेकरून अमेरिकेत जाई. १९२९ साली अमेरिकेतील व्यापार कोसळला व त्यापाठोपाठ रेशमाचे भाव इतके उतरले की पुष्कळ कुटुंबांस अन्नाची ददात पडली. अशा दिवसांत हा मुलगा वाढला.

शाळा संपल्यावर तो एका कापडाच्या गिरणीत कामास लागला. तेथे त्याचे आयुष्य कदाचित यंत्रापुढेच गेले असते. परंतु १९३६ साली जून महिन्यात त्याच्या दृष्टीस एक जाहिरात पडली. आरमारास विमाने चालविण्यासाठी तरुण मुले हवी होती, आणि त्यांस शिक्षण सरकारी खर्चाने मिळणार होते. सोळा वर्षांच्या त्या मुलाने अर्ज केला व तो पसंत झाला. गरीब घरच्या मुलास शिक्षण, मान आणि पोटाची सोय ही तिन्ही एकाच ठिकाणी मिळत असतील तर तो मागेपुढे पाहत नाही. राज्यकर्त्यांस हे पक्के ठाऊक असते.

वैमानिकाचे शिक्षण

आरमाराने मुलांस लहान वयातच घेऊन वैमानिक करण्याची शाळा १९३० साली सुरू केली होती. तेथील शिस्त अत्यंत कडक असे. जपानी आरमारात चुकीबद्दल मार बसणे ही रोजचीच गोष्ट होती, आणि वरिष्ठांची आज्ञा ही वादाच्या पलीकडची मानली जाई. गणित, यंत्रशास्त्र, पोहणे, कुस्ती, आणि पुढे प्रत्यक्ष विमान चालविणे असा हा क्रम सुमारे तीन वर्षे चाले. निशिझावा ह्याने तो मार्च १९३९ मध्ये पुरा केला. त्यानंतर जपानातील निरनिराळ्या तळांवर त्याने लढाऊ विमान चालविण्याचा सराव केला.

ह्या ठिकाणी एक गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. त्या काळी जपानी आरमार वैमानिक फार थोडे निवडी व त्यांस दीर्घ काळ शिकवी. त्यामुळे जे तयार होत ते जगातील उत्तम वैमानिकांच्या तोडीचे असत; परंतु त्यांपैकी एक पडला तर त्याची जागा घेण्यास दुसरा लवकर मिळत नसे. युद्ध थोडक्यात संपेल अशा समजुतीवर ही सर्व रचना उभी होती. ती समजूत चुकीची होती, आणि तिचे मोल ह्या मुलांनी दिले.

निशिझावाच्या सोबत्यांनी त्याचे जे वर्णन केले आहे ते असे: तो जपानी मनुष्याच्या मानाने उंच, अंगाने अगदी कृश व चेहऱ्याने फिकट होता. पुढे उष्ण प्रदेशात गेल्यावर हिवताप व त्वचेचे विकार ह्यांनी त्याची पाठ सोडली नाही. तो क्वचितच बोले, एकटा बसून राही, आणि त्याच्याकडे पाहून हा आजारी मनुष्य विमानात कसा बसणार असे वाटे. परंतु एकदा का विमान वर गेले की तो निराळाच मनुष्य होई. त्याचे विमान त्याच्या अंगाचाच भाग असल्यासारखे वळे, आणि त्याच्या जवळच्यांसही ते कसे साधते हे सांगता येत नसे.

त्याचे विमान

ज्या विमानावर त्याने नाव मिळविले ते झिरो ह्या नावाने प्रसिद्ध आहे. ते १९४० साली जपानी आरमारात आले. त्यात एकच मनुष्य बसे. दोन लहान तोफा व दोन मशीनगन त्यावर असत. ते इतके हलके बांधलेले होते की त्याच्याइतके चपळ वळणारे विमान त्या वेळी प्रशांत महासागरावर दुसरे नव्हते, आणि जादा इंधनाची टाकी जोडली असता ते हजारो किलोमीटर जाऊ शके. परंतु हा हलकेपणा कशातून आला हेही पाहिले पाहिजे. बसणाऱ्याच्या पाठीमागे पोलादी पत्रा नव्हता. इंधनाच्या टाक्यांस गोळी लागली असता छिद्र आपोआप बुजेल अशी सोय नव्हती. त्यामुळे चार गोळ्या नेमक्या लागल्या तर ते विमान मशालीसारखे पेटे. विमान चपळ व्हावे म्हणून वैमानिकाचे रक्षण कमी केले होते, आणि ही निवड त्यात बसणाऱ्याने केलेली नव्हती.

लाए येथील तळ

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने अमेरिका व इंग्लंड ह्यांविरुद्ध युद्ध पुकारले. जानेवारी १९४२ मध्ये जपानी सैन्याने ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस असलेल्या न्यू ब्रिटन बेटावरील रबाउल हे बंदर घेतले, आणि थोड्याच दिवसांत निशिझावा तेथे येऊन पोहोचला. मार्च महिन्यात जपान्यांनी न्यू गिनी बेटावरील लाए हे गाव घेतले. तेथील छोटा विमानतळ युद्धापूर्वी डोंगरातील सोन्याच्या खाणींकडे सामान नेण्याकरिता बांधलेला होता. एप्रिलपासून निशिझावा तैनान नावाच्या विमानपथकात सामील होऊन ह्या तळावरून लढू लागला.

लाएच्या दक्षिणेस ओवेन स्टॅन्ली नावाची डोंगरांची रांग असून तिची शिखरे चार हजार मीटरांपर्यंत उंच आहेत. त्या रांगेच्या पलीकडे पोर्ट मोर्सबी हे बंदर ऑस्ट्रेलियन व अमेरिकन लोकांच्या हाती होते. जपानी विमाने जवळजवळ रोज डोंगर ओलांडून तेथे जात, आणि तिकडची विमाने इकडे येऊन बाँब टाकीत. तळावर धूळ, डास, हिवताप व निकृष्ट अन्न ह्यांची रेलचेल होती. रात्री झोप मिळण्याची खात्री नव्हती.

ह्या पथकात तीन वैमानिकांचे सख्य जमले. पहिला साबुरो साकाई. तो निशिझावाहून साडेतीन वर्षांनी मोठा, शेतकऱ्याच्या घरचा व चीनमधील लढाईचा अनुभव असलेला. दुसरा तोशियो ओता. तो आनंदी व मनमिळाऊ. तिसरा आमचा चरित्रनायक, अबोल व एकलकोंडा. त्यांचा अधिकारी जुनिची सासाई हा तरुण असून आपल्या हाताखालच्या लोकांशी मायेने वागे. जपानी आरमारात अधिकारी व साधे वैमानिक ह्यांमध्ये मोठी भिंत असे. सासाई ती फारशी मानीत नसे, म्हणून त्याची माणसे त्याजसाठी काहीही करावयास तयार असत.

मे महिन्यात ह्या तिघा मित्रांनी पोर्ट मोर्सबीच्या विमानतळावर शत्रूच्या देखत आकाशात एका ओळीने गोलांट्या घेतल्या, आणि खालून एकही गोळी सुटली नाही, अशी एक गोष्ट साकाईने युद्धानंतर लिहिली आहे. ती सर्वत्र पसरली. तिच्या सर्व तपशिलांवर अभ्यासकांचा विश्वास नाही. परंतु ती खरी असो वा नसो, ह्या मुलांच्या वयाची आठवण ती आपणांस करून देते. निशिझावा त्या वेळी बावीस वर्षांचा होता.

त्याच आकाशात दुसऱ्या बाजूसही माणसेच होती. पोर्ट मोर्सबीच्या रक्षणासाठी ऑस्ट्रेलियाचे पंचाहत्तरावे पथक मार्चच्या अखेरीस आले व सुमारे सहा आठवडे लढले. त्याचा प्रमुख जॉन जॅक्सन हा क्वीन्सलँड प्रांतात गुरेमेंढरे पाळणारा गृहस्थ होता. सैन्यातील इतर तरुणांच्या मानाने तो वयस्क होता. २८ एप्रिल १९४२ रोजी तैनान पथकाच्या विमानांशी लढत असता तो मारला गेला. ज्या दिवशी एका तळावर विजयाची नोंद होई, त्याच दिवशी दुसऱ्या तळावर कोणाच्या तरी घरी तार जाई.

ग्वाडलकनालची सफर

७ ऑगस्ट १९४२ हा दिवस निशिझावाच्या आयुष्यात फार महत्त्वाचा ठरला. त्या सकाळी रबाउल येथील वैमानिक निराळ्याच एका ठिकाणी हल्ल्यास निघण्याच्या तयारीत होते. इतक्यात बातमी आली की अमेरिकन सैन्य सॉलोमन बेटांपैकी ग्वाडलकनाल येथे उतरत आहे. हुकूम तत्काळ बदलला. ते बेट रबाउलपासून सुमारे एक हजार किलोमीटर दूर होते. एवढे अंतर समुद्रावरून जावयाचे, तेथे लढावयाचे, आणि तितकेच परत यावयाचे, अशी ती आज्ञा होती. एकाच आसनावर आठ तास बसून, एकट्याने विमान चालवून, वाटेत जिवाची लढाई करावयाची असे म्हटले म्हणजे त्या कामाची कल्पना येईल.

बाँबफेकी विमानांच्या रक्षणास अठरा झिरो विमाने गेली. ग्वाडलकनालवर त्यांची अमेरिकन आरमाराच्या अठरा लढाऊ विमानांशी गाठ पडली व त्यांपैकी नऊ पडली. निशिझावाने एकट्याने सहा पाडल्याचे सांगितले, आणि त्याच्या सोबत्यांनीही आपापले आकडे दिले. ते सर्व मिळविले तर प्रत्यक्ष पडलेल्या विमानांहून कितीतरी अधिक होतात. ह्यात मुद्दाम खोटे बोलणे होते असे आम्ही म्हणत नाही. धूर, वेग व भीती ह्यांच्या त्या गर्दीत एकाच विमानावर तिघांनी गोळ्या झाडलेल्या असत, आणि तिघांसही ते आपणच पाडले असे प्रामाणिकपणे वाटे. असे सर्वच देशांच्या वैमानिकांकडून घडले आहे.

त्याच दिवशी साकाईच्या मस्तकात गोळी लागली. त्याचे एक अंग लुळे पडले, उजव्या डोळ्याची दृष्टी गेली, दुसरा रक्ताने भरला. तशा स्थितीत तो सुमारे पावणेपाच तास विमान चालवून रबाउलला परत आला. इकडे मित्र दिसत नाही असे पाहून निशिझावा वेड्यासारखा आकाशात त्यास शोधीत राहिला, आणि शत्रू भेटल्यास त्यावर आपले विमान आदळावयासही तो तयार होता, असे सांगतात. शेवटी तो एकटाच परतला. पुढे साकाईचे विमान तळावर उतरले तेव्हा त्यास गाडीत घालून इस्पितळात नेण्याचे काम निशिझावानेच केले. जो मनुष्य कोणाशी बोलत नसे त्याच्या अंतःकरणात काय होते हे त्या दिवशी दिसून आले.

मित्रांचा वियोग

जखमी साकाईस जपानला पाठविण्याचे ठरले. निरोपाच्या वेळी सासाईने आपल्या कमरपट्ट्याची वाघाचे चित्र असलेली चांदीची पकड त्यास दिली. ती सासाईस त्याच्या बापाने दिलेली होती. वाघ हजार कोस गेला तरी आपल्या ठिकाणी परत येतो असा जपानी लोकांत समज आहे; त्याचे चिन्ह अंगावर असणारा परत यावा ही त्यातील भावना. साकाई परत आला व म्हातारा होऊन मेला. ज्याने ती वस्तू दिली तो सासाई त्याच महिन्याच्या २६ तारखेस ग्वाडलकनालवर पडला. ऑक्टोबरच्या २१ तारखेस ओताही गेला. लाएच्या तळावरील त्या सोबत्यांपैकी युद्ध चालू ठेवण्यास आता एकटा निशिझावा उरला.

नोव्हेंबरमध्ये त्या पथकाचे जे थोडे लोक वाचले होते त्यांस जपानला परत आणण्यात आले, पथकास नवा क्रमांक देण्यात आला, आणि नव्या मुलांस शिकविण्याचे काम जुन्यांकडे आले. निशिझावास ते काम रुचले नाही. ह्या मुलांस पुरेसे शिक्षण मिळत नाही व ती मरणार आहेत, हे त्याच्यासारख्या जाणत्या माणसास कळत नसेल असे नाही. इंधन अपुरे, वेळ अपुरा, शिक्षक अपुरे, अशी तेव्हाची अवस्था होती.

मे १९४३ मध्ये तो पुन्हा रबाउलला गेला. समुद्र व बेटे ह्यांवरून एकटेच उडणारे एक झिरो विमान ज्यात दिसते असे त्या महिन्यातील एक छायाचित्र आजही पुष्कळ पुस्तकांत छापले जाते. ते त्याचेच विमान असे मानतात. ह्या वेळी परिस्थिती बदललेली होती. अमेरिकेची नवी विमाने अधिक वेगवान, अधिक बळकट व बसणाऱ्याचे रक्षण करणारी होती, आणि त्यांची संख्या दरमहा वाढत होती. अनुभवी अमेरिकन वैमानिकांस काही काळ लढल्यावर परत बोलावून नव्यांस शिकविण्यास लावण्याची पद्धत पडली होती. जपान्यांकडे बहुधा मनुष्य मरेपर्यंत किंवा अंथरुणास खिळेपर्यंत लढत राही. त्याच वर्षी व्हाइस ॲडमिरल कुसाका ह्यांनी निशिझावास शौर्याबद्दल एक तलवार बक्षीस दिली. ती मिळाली तेव्हा ज्यांच्याबरोबर तिचा आनंद घ्यावा त्यांपैकी फारच थोडे हयात होते.

रबाउलचे नाव निघाले आहे तर आपल्या देशाशी संबंध असलेली एक गोष्ट सांगणे उचित होईल. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले तेव्हा जपान्यांच्या हाती सापडलेल्या हिंदी शिपायांपैकी हजारो शिपाई १९४३ साली ह्या बेटांवर मजुरीसाठी नेण्यात आले. उपासमार, मारहाण व रोग ह्यांनी त्यांतील पुष्कळ मेले. जे उरले त्यांस १९४५ साली ऑस्ट्रेलियन सैन्याने सोडविले. रबाउलचे मिशनरीही ह्या संकटातून सुटले नाहीत. तेथील सुमारे एक हजार कैदी व नागरिक ज्या जपानी जहाजातून नेले जात होते ते १ जुलै १९४२ रोजी एका अमेरिकन पाणबुडीने, आत कोण आहे हे न कळता, बुडविले. त्यांत मेथडिस्ट मिशनचे सेवकही होते. निशिझावाने ह्या गोष्टी केल्या असे नाही. परंतु ज्या सत्तेच्या पायी त्याने आपले कौशल्य वाहिले ती सत्ता जमिनीवर कशी वागत होती हे सांगितल्यावाचून त्याचे चरित्र पुरे होणार नाही.

शेवटचे दोन दिवस

१९४३ च्या अखेरीस तो पुन्हा जपानला आला, आणि १९४४ साली काही काळ त्यास उत्तरेकडील थंड बेटांच्या रक्षणास ठेवण्यात आले. ऑक्टोबर १९४४ मध्ये अमेरिकन सैन्य फिलिपाईन्समधील लेते बेटावर उतरले, आणि निशिझावाच्या पथकास तिकडे जाण्याचा हुकूम झाला.

तेथे जपानी आरमाराच्या विमानदळाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल ओनिशी ह्यांनी एक भयंकर उपाय काढला होता. त्यांच्याकडे विमाने फार थोडी उरली होती, आणि नव्या वैमानिकांस नेम धरून जहाज बुडविण्याइतके शिक्षण मिळालेले नव्हते. म्हणून विमानास अडीचशे किलोचा बाँब बांधून, बसणाऱ्यासह ते शत्रूच्या जहाजावर आदळावे असे त्यांनी ठरविले. तेराव्या शतकात मंगोल लोकांची गलबते ज्या वादळांनी बुडाली त्यांस जपानी लोक देवाचा वारा म्हणतात. तेच कामिकाझे हे नाव ह्या तुकड्यांस देण्यात आले.

२५ ऑक्टोबर १९४४ रोजी अशी पाच विमाने निघाली. त्यांचा नायक युकिओ सेकी हा तेवीस वर्षांचा, नुकतेच लग्न झालेला अधिकारी होता. त्यांच्या रक्षणास चार झिरो विमाने होती आणि त्या चौघांचा प्रमुख निशिझावा होता. ह्या पाच जणांस शत्रूच्या जहाजांपर्यंत सुखरूप न्यावयाचे, वाटेत कोणी त्यांस पाडू नये म्हणून लढावयाचे, मग ते मरताना पाहावयाचे, आणि काय घडले ते परत येऊन सांगावयाचे, हे त्याचे काम होते. त्याने ते तंतोतंत केले. सेंट लो नावाचे अमेरिकन विमानवाहू जहाज एका विमानाच्या धडकेने पेटले व अर्ध्या तासात बुडाले. शंभरांहून अधिक खलाशी मेले. वाटेत आडव्या आलेल्या विमानांपैकी दोन निशिझावाने पाडल्याचे सांगतात. ती त्याची शेवटची लढाई.

तो सेबू बेटावरील तळावर उतरला व त्याने तेथील अधिकारी नाकाजिमा ह्यांस सर्व वृत्तांत सांगितला. मग त्याने एक विनंती केली. दुसऱ्या दिवशी जी तुकडी मरावयास जाणार आहे तीत आपणासही घ्यावे, असे त्याने मागितले. आपले मरण जवळ आले आहे असे त्यास त्या दिवशी वाटू लागले होते, असेही सांगतात. नाकाजिमा ह्यांनी विनंती नाकारली. इतक्या कुशल मनुष्यास असे खर्ची घालणे परवडणारे नव्हते. त्याचे विमान मात्र ठेवून घेण्यात आले. त्यास बाँब बांधला गेला व दुसऱ्या एका वैमानिकास ते देण्यात आले.

ह्या मागणीचा आम्ही पुष्कळ विचार केला. ज्याने एवढ्या लढायांतून आपला जीव राखला त्याने तो आपण होऊन का द्यावा? आमच्या मते उत्तर त्या दिवसाच्या कामातच आहे. पाच तरुणांस मृत्यूच्या दारापर्यंत पोहोचवून आपण जिवंत परत यावयाचे, आणि उद्या पुन्हा दुसऱ्या पाचांस घेऊन जावयाचे, हे ओझे त्यास सोसवेना. सासाई, ओता व इतर कितीतरी सोबती गेले होते. त्या मागणीला काही लोक देशभक्ती म्हणतात. आम्हांस तीत थकलेल्या जिवाचा कण्हण्याचा स्वर अधिक ऐकू येतो.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे २६ ऑक्टोबरला, निशिझावा व इतर काही वैमानिक नवी विमाने आणण्याकरिता एका अवजड वाहतुकीच्या विमानात बसून लुझोन बेटाकडे निघाले. विमान दुसऱ्याच्या हाती होते. निशिझावा नुसता उतारू होता. मिंडोरो बेटावर कालापान गावाजवळ दोन अमेरिकन लढाऊ विमानांनी त्यास गाठले. ते जड विमान पळू शकले नाही, लढूही शकले नाही. पेटून ते खाली पडले व आतील सर्व जण मेले. लढाऊ विमानात आपणास कोणी पाडणार नाही असा निशिझावाचा विश्वास होता, आणि तो विश्वास अक्षरशः खरा ठरला. परंतु त्याचा त्यास काही उपयोग झाला नाही. त्याचे वय चोवीस वर्षे व नऊ महिने होते.

मागे काय उरले

मरणोत्तर त्यास दोन पायऱ्यांची बढती देण्यात आली. परंतु तोपर्यंत जपानचा सर्व कारभार विस्कळीत होत चालला होता. ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण आला, आणि ज्याच्या पराक्रमाची वाखाणणी झाली त्याचा अंत्यविधी २ डिसेंबर १९४७ रोजी, म्हणजे मरणानंतर तीन वर्षांहून अधिक काळाने, झाला.

त्याने किती विमाने पाडली ह्याविषयी आजही वाद आहे. कोणी ८७ म्हणतात, कोणी शंभरांहून अधिक म्हणतात. शत्रूपक्षाचे कागद ताडून पाहणारे अभ्यासक त्याहून पुष्कळ कमी धरतात. जपानी आरमार विजयाची नोंद बहुधा पथकाच्या नावे करी, माणसाच्या नावे नव्हे. त्यामुळे हा हिशेब आता पुरा होणे शक्य नाही. आम्हांस वाटते की तो पुरा झाला नाही म्हणून काही बिघडत नाही. ज्या प्रत्येक आकड्याबद्दल हा वाद आहे त्या प्रत्येकामागे कोणाचा तरी मुलगा होता, आणि त्याच्या आईबापांस आकड्यात गोडी नव्हती.

ह्या चरित्रात आम्हांस विशेष लक्षात घ्यावेसे वाटते ते हे. निशिझावा अंगी मोठे गुण असलेला मुलगा होता. कष्ट, धीर, आज्ञापालन, मित्रांवरील निष्ठा, ह्यांपैकी काहीच त्यात उणे नव्हते. परंतु हे सर्व गुण ज्या कामी लागले ते काम चांगले की वाईट हे ठरविण्याचा अधिकार त्यास कोणी दिला नाही, आणि त्यानेही तो मागितल्याचे दिसत नाही. सोळाव्या वर्षी त्याने एका जाहिरातीस होकार दिला. त्यानंतरचे सर्व होकार त्याच्या वतीने दुसऱ्यांनी दिले. ज्या आरमारास त्याच्यासारखा वैमानिक पुन्हा मिळणार नव्हता, त्याने त्यास एका निःशस्त्रप्राय विमानात रक्षणावाचून बसवून पाठविले. आमच्या गावांतील मुलेही शाळा संपली की नोकरीच्या शोधात बाहेर पडतात, आणि पगार, गणवेश व मान ह्यांची आश्वासने त्यांच्यापुढेही येतात. ती आश्वासने देणारा त्यांच्या गुणांचे काय करणार आहे, हे विचारण्याची सवय वडीलधाऱ्यांनी त्यांस लावली पाहिजे.

साकाईची गोष्ट सांगून हा लेख आटोपतो. तो एका डोळ्याने आंधळा झाला, पण वाचला. युद्धानंतर त्याने पुन्हा कोणत्याही जीवास मारणार नाही अशी प्रतिज्ञा केली, छापखाना काढून पोट भरले, आणि पुढे अमेरिकेत जाऊन ज्यांच्याशी लढला त्यांची भेट घेतली. त्या दिवशी ज्या विमानातून गोळी येऊन त्याचा डोळा गेला त्यातील गोलंदाजही त्यास भेटला, आणि दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांचा हात हातात घेतला. साकाई २००० साली वारला. निशिझावा त्याहून साडेतीन वर्षांनी धाकटा होता. जॉन जॅक्सनच्या गावच्या लोकांस, सेंट लोवरील खलाशांच्या भावांस, किंवा आपल्या देशाच्या शिपायांस भेटून हात पुढे करण्याइतके आयुष्य त्यास मिळाले असते तर त्याने काय केले असते, हे आपणांस कधीच कळणार नाही. युद्धाने त्याजपासून हिरावून घेतलेल्या गोष्टींत ही सर्वांत मोठी होय.